पुस्तक मिट, मग वही उघड

प्रश्न: पत्र बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीचं आहे. बायफोकलला, म्हणजे सायन्सच्या जोडीच्या व्यावसायिक विषयाला, तिने इलेक्ट्रिकल मेंटेनन्स घेतलं आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी होतं, आता सगळंच इंग्रजीत. जूनपासून ती नोट्स काढते आहे. दोनशे पानी सहा वह्या भरल्या आहेत: मथळे निळे, व्याख्या हिरव्या, महत्त्वाच्या ओळींवर हायलाइटर. एका धड्याला चार दिवस लागतात. फिजिक्सच्या १६ धड्यांपैकी सात झाले, केमिस्ट्रीच्या १६ पैकी सहा. लिहिताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण चाचणीत फिजिक्सला ५० पैकी १७ पडले. गेल्या वर्षीच्या टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स ६०० रुपयांना मिळते आहे आणि मोबाइलमध्ये चाळीसेक पीडीएफ साठल्या आहेत. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली तार नव्याने भरण्याचं, दुकान आहे. ते म्हणतात, रविवारी दुकानात येऊन बस, तुझ्याच विषयाचं काम आहे. तिला वाटतं, तेवढ्या वेळात अर्धा धडा लिहून होईल. ती विचारते: उरलेल्या नोट्स पूर्ण करू की तयार नोट्स घेऊ?

उत्तर:

तुझं पत्र वाचताना सर्वांत आधी जाणवली ती तुझी मेहनत. सहा महिने रोज रात्री वही घेऊन बसणं सोपं नाही, आणि १७ गुण पाहून तुला काय वाटलं असेल याची कल्पना येते. म्हणून आधीच सांगते, तू आळशी नाहीस आणि तुझी स्मरणशक्तीही कमी नाही. मेहनत चुकीच्या टप्प्यावर खर्च होते आहे, एवढंच.

आधी साधा हिशेब करू. फिजिक्सचे नऊ आणि केमिस्ट्रीचे दहा असे १९ धडे उरलेत. चार दिवसांना एक या वेगाने ७६ दिवस लागतील. पत्र नोव्हेंबरच्या अखेरीचं आहे आणि बोर्ड फेब्रुवारीत. म्हणजे वह्या पूर्ण होतील त्या दिवशी परीक्षा दारात असेल, आणि उजळणी, गणित, इंग्रजी, प्रात्यक्षिकं यांना एकही दिवस उरलेला नसेल. त्यामुळे 'पूर्ण करू का?' या प्रश्नाचं उत्तर, या पद्धतीने तरी, नाही असंच आहे.

पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नोट्स अपुऱ्या आहेत म्हणून गुण कमी पडले, असं तुला वाटतं. चाचणीतले प्रश्न तुझ्या नोट्स झालेल्या धड्यांवर किती होते, ते एकदा प्रश्नपत्रिका घेऊन मोजून बघ. लिहून झालेल्या धड्यांवरचे प्रश्नही चुकले असतील, तर वह्या पूर्ण असत्या तरी फार फरक पडला नसता.

असं का होतं, ते समजून घे. तू पुस्तक समोर उघडं ठेवून वहीत उतरवतेस. वाक्य डोळ्यांतून हातात जातं, ओळखीचं होतं आणि 'हे मला येतं' असं वाटायला लागतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. तुझी रात्र त्या पहिल्या पाच मिनिटांसारखी आहे आणि चाचणी त्या आठवड्यानंतरच्या दिवसासारखी. म्हणून वही मिटताना सगळं येत असतं आणि पेपरात हात थांबतो.

तेव्हा बदल एकच कर. आधी पुस्तक मिट, मग वही उघड. धड्याचा एक भाग, साधारण तीन-चार पानं, नीट वाच. पेन बाजूला असू दे, अधोरेखनसुद्धा नको. मग पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने आठवेल ते लिही: सूत्रं, आकृती, शब्द, अर्धवट वाक्यंही चालतील. दहा मिनिटं पुरेत. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ कोरा राहील. घाबरू नकोस, तो कोरेपणाच तुला उपयोगी आहे. आता पुस्तक उघड आणि जे सुटलं, जे चुकलं ते तांबड्या पेनाने त्याच कागदावर लिही. वहीत उतरायचं ते फक्त हे तांबडं आणि त्याला जोडायला लागतील तेवढे पेन्सिलचे शब्द. जे न बघता आलं ते कशाला उतरवायचं? ते तुझ्या डोक्यात आहे.

या रीतीने एका धड्याला चार दिवसांऐवजी दोन बैठकांत मिळून चार तासांच्या आसपास लागतात आणि वहीत पानं पडतात दोन, फार तर तीन. धडा पंधरा पानांवर जायला लागला तर समज की पुस्तक पुन्हा उघडं राहिलंय.

वहीच्या पानाची आखणीही बदल. डावीकडे अडीच इंचाची पट्टी सोड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक विद्यार्थ्यांना अशी आखणी शिकवत: उजवीकडे मजकूर, डावीकडे त्यावरचे प्रश्न, खाली दोन इंचांत सारांश. सारांशाची जागा तू सोडली नाहीस तरी चालेल, डावीकडची पट्टी मात्र सोडू नकोस. तिथे मथळा लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. 'रेझोनन्स' असं लिहिलंस तर डोळा नुसता पुढे सरकतो. 'एलसीआर सर्किटमध्ये रेझोनन्सला करंट जास्तीत जास्त का?' असं लिहिलंस तर उत्तर द्यावंच लागतं. उजळणीला बसलीस की उजवी बाजू कोऱ्या कागदाने झाक, पट्टीतला प्रश्न वाच, मोठ्याने उत्तर दे, मग कागद खाली सरकव. अडलेल्या प्रश्नापुढे टिंब दे. तीन टिंबं जमलेले प्रश्न परीक्षेच्या आदल्या दिवशी बघायचे, बाकीचे नाही.

पानाच्या कोपऱ्यात तारीख टाक आणि तिच्याखाली पुढच्या उजळण्यांच्या: दुसरा दिवस, चौथा, दहावा, मग तीन-साडेतीन आठवड्यांनी. एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही, पण दोन उजळण्यांमध्ये थोडं विसरायला वेळ मिळायला हवा. एकाच संध्याकाळी चार वेळा वाचलं की त्या पाच मिनिटांच्या भ्रमात पुन्हा सापडायला होतं.

भरलेल्या सहा वह्या टाकून द्यायच्या नाहीत. त्यांच्या समासात असेच प्रश्न लिहून टाक, धड्याला आठ ते बारा. पुन्हा फेअर करायला मात्र अजिबात बसू नकोस.

आता विषयांकडे येऊ. सगळ्या विषयांच्या नोट्स तू एकाच साच्यात काढतेस, आणि मला वाटतं तुझा सर्वांत जास्त वेळ यातच जातो. प्रत्येक विषय तुझ्याकडून वेगळं काही मागतो, त्याप्रमाणे वही बदलायला हवी.

फिजिक्समध्ये डेरिव्हेशन उतरवून काढण्याचा उपयोग नाही. प्रत्येक डेरिव्हेशनच्या तीनच गोष्टी लिही: सुरुवात कुठून (कोणता नियम, कोणती आकृती), वळण कुठे (कोणत्या पायरीला काय गृहीत धरलं किंवा काय वगळलं) आणि शेवट काय. मधलं बीजगणित दर वेळी कोऱ्या कागदावर स्वतः करायचं. सूत्रापुढे एककं आणि खरे आकडे घातलेलं एक उदाहरण असू दे. रेझोनन्सची वारंवारता म्हणजे एक भागिले (दोन पाय गुणिले एल-सीच्या गुणाकाराचं वर्गमूळ). यात एल ०.१ हेन्री आणि सी १०० मायक्रोफॅरड घाल. उत्तर ५० हर्ट्झच्या जवळ येतं, म्हणजे आपल्या घरातल्या विजेची वारंवारता. असं उदाहरण एकदा हाताखालून गेलं की मायक्रोचं दहाचा उणे सहावा घात करायला तू विसरणार नाहीस. न्यूमेरिकलमधले गुण बहुतेक तिथेच जातात.

केमिस्ट्रीत, विशेषतः ऑरगॅनिकमध्ये, अभिक्रिया एकेक करून लिहिल्या की त्या एकमेकींत मिसळतात. जिथे गोंधळ होतो त्या जोड्या शेजारी शेजारी लिही. इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल: ४१३ केल्व्हिनला ईथर मिळतं, ४४३ केल्व्हिनला इथीन. पदार्थ तेच, तापमानात ३० अंशांचा फरक, आणि हाती येतं ते वेगळंच. दोन्ही एका ओळीत असतील तर प्रश्न आपोआप तयार होतो: 'तापमान वाढवल्यावर काय बदललं?' अल्कोहोल, अल्डिहाइड, आम्ल, एस्टर यांचा एकमेकांत जाण्या-येण्याचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढ. प्रत्येक बाणावर फक्त अभिकर्मक आणि परिस्थिती. आठवड्यातून एकदा तो नकाशा न बघता काढायचा.

गणिताला नोट्सची वही नको, चुकांची वही हवी. पानाचे तीन रकाने कर: गणित, मी काय केलं, पहिली पायरी कशावरून ओळखायची. एक्स गुणिले लॉग एक्सचं इंटिग्रेशन करताना एक्सला पहिलं फंक्शन धरलं की लॉगचंच इंटिग्रेशन करावं लागतं आणि गणित लांबत जातं. लॉग पहिलं धरलं की दोन पायऱ्यांत सुटतं. तिसऱ्या रकान्यात एवढंच लिही: 'लॉग दिसला, तोच पहिला.' सोडवलेली गणितं उतरवलेली वही जाड होते, पण पेपरात पहिली पायरी सुचवत नाही.

इंग्रजीला पत्र, अहवाल, मुलाखत यांचे साचे एका पानावर ठेव आणि रोज एक लिहून काढ. तेवढं पुरे.

आता इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. हा विषय दोनशे गुणांचा आणि त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाचे, तरी पत्रात त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, तीही दुकानाची. म्हणून इथे थोडी थांबते.

बाबांच्या दुकानात एक डायरी असेल, तेलाचे डाग पडलेली. मोटार भरायला आली की जुनी वाइंडिंग काढण्याआधी तीत नोंद होते: हॉर्सपॉवर, आरपीएम, स्लॉट किती, कॉइलचा पिच (तिच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर), टर्न म्हणजे वेढे किती, तारेचा गेज (जाडी), कनेक्शन स्टार की डेल्टा (तिन्ही फेजच्या वाइंडिंग जोडण्याच्या दोन रीती), निघालेल्या तांब्याचं वजन. ही नोंद आधीच का करायची? एकदा तार कापून काढली की पिच आणि कनेक्शन परत बघायला मिळत नाही. टर्न चुकले तर मोटार तापते किंवा लोड ओढत नाही. त्या डायरीत एकही शब्द शोभेचा नसतो. पुढे ज्याची गरज पडणार तेवढंच असतं, आणि ते कामाच्या क्रमाने असतं. तुझी वही कशी असावी हे शिकायला यापेक्षा चांगला नमुना मला सुचत नाही.

त्या डायरीतली एखादी नोंद घे आणि तिच्यावर तुझ्या पुस्तकातले प्रश्न विचार. थ्री फेज मोटार, ३६ स्लॉट, ४ पोल, नेमप्लेटवर १४४० आरपीएम. एका पोलला किती स्लॉट? नऊ. त्यातले एका फेजला? तीन. सिंक्रोनस स्पीड, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग, किती? १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५००. मग प्लेटवर १४४० का? स्लिप, म्हणजे त्या वेगापेक्षा मोटार जेवढी मागे राहते ते. किती? ६० भागिले १५००, म्हणजे ४ टक्के. एका नोंदीतून चार प्रश्न निघाले आणि चौघांची उत्तरं हाताने मोजता येणारी आहेत. बाबा रविवारी बोलावतात ते याच्यासाठी. दुकानातले दोन तास अभ्यासातून वजा होत नाहीत. मात्र नुसतं बसून राहू नकोस. पाठकोरा कागद आणि पेन्सिल घेऊन जा, एकच मोटार किंवा एकच पंखा निवड, आणि दोन तास झाले की उठ. गिऱ्हाईक सांभाळणं, फोन घेणं हे परीक्षेपर्यंत तुझं काम नाही, हे बाबांशी आधीच मोकळेपणाने बोलून घे.

दुरुस्तीच्या विषयाच्या नोट्स परिच्छेदात लिहायच्या नाहीत, तक्त्यात लिहायच्या: लक्षण, कारण, तपासणी. छताचा पंखा घेऊ. गुणगुणतो पण फिरत नाही, पात्याला हलका धक्का दिला की फिरू लागतो: कपॅसिटर गेला किंवा स्टार्टिंग वाइंडिंग तुटली. तपासणी: चांगला २.५ मायक्रोफॅरडचा लावून बघणं. हळू फिरतो: कपॅसिटर उतरला, बेअरिंग जाम, व्होल्टेज कमी किंवा रेग्युलेटर खराब. उलटा फिरतो: कपॅसिटर स्टार्टिंगऐवजी रनिंग वाइंडिंगला जोडला गेला. दुकानात याला कंडेन्सर म्हणतात, पेपरात कपॅसिटर लिहायचं. असे जोडशब्द वहीच्या शेवटच्या पानावर जमव, तोंडी परीक्षेत फार कामाला येतात.

पंख्याच्या तीन वायरींपैकी कॉमन कोणती, हा तोंडीत विचारण्यासारखा प्रश्न. सप्लाय बंद, कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवलेला, मग मल्टिमीटर ओहमवर. दोन दोन वायरींमधला रोध मोज. समज, रीडिंग १४०, १६० आणि ३०० आली. ३०० ज्या दोन वायरींत आलं त्यांच्यामध्ये दोन्ही वाइंडिंग एकापुढे एक आहेत, म्हणून १४० आणि १६० ची बेरीज तिथे दिसते. उरलेली तिसरी वायर कॉमन. नोट्समध्ये हे सगळं वाक्यांत नको. तीन टोकांची छोटी आकृती काढ, तीन आकडे लिही आणि समासात प्रश्न टाक: 'सर्वांत मोठं रीडिंग कशाची बेरीज?'

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) अशासारख्या आकृत्या दोन भागांत काढायच्या, पॉवर सर्किट वेगळं आणि कंट्रोल सर्किट वेगळं. एकत्र काढायला गेलीस की रेषा गुंततात. प्रत्येक भागाला 'हा नसता तर?' हा प्रश्न विचार. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधलं इंटरलॉक (एक लागलेला असताना दुसरा लागू न देणारी सोय) नसतं तर दोन्ही एकदम लागून फेज-फेज शॉर्ट झालं असतं. टायमर अडकला तर मोटार स्टारमध्येच राहते, टॉर्क एक तृतीयांशच मिळतो, लोडवर धापा टाकते आणि तापते. 'सुरुवातीचा लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश' हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ४१५ व्होल्टला वर्गमूळ ३ ने भागून २४० आलेले एकदा बघ. वाइंडिंगवर व्होल्टेज कमी, म्हणून करंट कमी.

फिजिक्सचा एसी सर्किटचा धडा आणि हे सगळं एकच आहे. त्या धड्याची वही वेगळी ठेवू नकोस, एकाच पानावर दोन्ही विषय येऊ देत.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. तू मराठीत विचार करतेस आणि पेपर इंग्रजीत आहे. आतापर्यंत ही अडचण तू इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवून टाळत आलीस, म्हणूनच घोकंपट्टी वाढली असावी. समासातला प्रश्न मराठीत लिही, उत्तर आधी मोठ्याने मराठीत सांग, अगदी घरातल्या कुणाला समजावतेस तसं, आणि मगच इंग्रजीत लिही. मराठीत सांगताना जिथे अडखळलीस ते तुला समजलेलं नाही. मराठीत आलं पण इंग्रजीत अडलं, तर फक्त शब्द कमी पडतात. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. जानेवारी लागला की समासातले प्रश्नही इंग्रजीत कर, बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतली क्रियापदं वापरून. 'स्टेट' म्हटलं की एक वाक्य पुरे. 'डिस्टिंग्विश'ला रकाने हवेत आणि प्रत्येक मुद्दा दोन्ही रकान्यांत समोरासमोर हवा. 'डिराइव्ह'ला आकृतीशिवाय सुरुवात करायची नाही.

आता ते ६०० रुपये. टॉपरच्या नोट्स वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाने जे त्याला येत होतं ते गाळून, जे अडत होतं तेवढं लिहिलेलं असतं. त्याचं अडणं आणि तुझं अडणं वेगळं. त्याच्या वहीतली मोकळी जागा तुला दिसते, पण ती मोकळी का सोडली ते दिसत नाही. शिवाय झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर घातांक आणि उणे चिन्हं पुसट होतात, फिजिक्समध्ये तेवढ्यानेच उत्तर चुकतं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, चूक की बरोबर हे ठरवायला आधार त्यांचाच. मैत्रिणीने घेतल्याच तर तिच्याकडून धडा घे, पण आपला पेन्सिलीचा कागद झाल्यावर, आणि फक्त ताडून बघायला. त्यात एखादी सुटसुटीत आकृती सापडली तर जरूर उचल.

मोबाइलमधल्या पीडीएफपैकी विषयाला एक पाठ्यपुस्तक आणि एक प्रश्नपत्रिकांचा संच ठेव, बाकी काढून टाक. फळ्याचे काढलेले फोटो त्याच संध्याकाळी बघून दोन ओळी लिहिल्यास तर ठीक, नाहीतर ते परत उघडले जात नाहीत.

तुझ्यासारखीच पत्रं इतर शाखांतूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं.

कॉमर्सच्या मुलांनी बुककीपिंगची सोडवलेली गणितं उतरवण्यापेक्षा समायोजनांची यादी करावी आणि प्रत्येकाचे दोन परिणाम लिहावेत. देणे मजुरी ५,००० रुपये: व्यापार खात्यात मजुरीत मिळवायची, ताळेबंदात देयता बाजूला दाखवायची. घसारा: नफातोटा खात्याच्या नावे बाजूला, ताळेबंदात त्या मालमत्तेतून वजा. ताळेबंद जुळत नाही तेव्हा दुसरा परिणाम राहिलाय का, हे पहिल्यांदा बघावं. गणित सोडवताना प्रश्नातल्या समायोजनापुढे दोन बारीक टिंबं काढायची आणि परिणाम दिला की एकेक खोडायचं, ही सवय नोट्सपेक्षाही जास्त कामाची.

आर्ट्सच्या मुलांना सनावळ्या छळतात, कारण त्या सुट्या लिहिल्या जातात. दोन घटनांच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' लिहा. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, पण त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हतं. म्हणून आंदोलन पेटलं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं, पण असंतोष थांबला नाही. म्हणून शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. तीन तारखा आणि चार जोडशब्द, यावर पाच गुणांचं उत्तर उभं राहतं. 'म्हणून' की 'पण' हे सुचत नसेल, तर तिथे पुस्तक पुन्हा उघडावं.

आयटीआयच्या मुलांनी हत्याराचं वर्णन लिहिण्याऐवजी आकडा आणि त्यामागचा हिशेब लिहावा. एम १० चा, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा आटा पाडायचा तर आधी भोक साडेआठ मिलिमीटरचं, कारण दहा वजा दीड. भोक लहान ठेवलं तर टॅप (आटा पाडायचं हत्यार) आत मोडतो, मोठं झालं तर आटा उथळ पडून धरत नाही. शिवणकामाच्या मुलींनी ड्राफ्ट पाव प्रमाणात वहीत काढावा, मापाशेजारी सूत्र ठेवावं (छाती ३६, चौथा भाग ९ इंच, त्यात सैलपणा वेगळा) आणि प्रत्येक शिवणीचा बोटभर कापडाचा नमुना पानाला टाचावा. शिवण उलटसुलट करून बघता येते, तिचं वर्णन लिहून तेवढं कळत नाही.

तुझा आठवडा असा बसवता येईल. सोमवार ते शनिवार संध्याकाळी नव्या धड्याची एक बैठक, दोन तासांची. म्हणजे आठवड्याला तीन धडे, आणि १९ धडे साडेसहा आठवड्यांत, जानेवारीच्या मध्यापर्यंत. सकाळी अर्धा तास झाकून उजळणी, त्या दिवशीच्या तारखा असतील तेवढीच पानं. एक तास रोज गणित. रविवारी दोन तास दुकान आणि दुपारी तीन तास घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका. एखाद्या आठवड्यात तीनऐवजी दोनच धडे झाले तर शेवटी हिशेब जुळवायला तीन-चार आठवडे शिल्लक आहेत. रात्री एकपर्यंत जागायचं नाही. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशीचा पेन्सिलीचा कागद कोरा राहतो, आणि दोष आपण उगाच स्वतःला देतो.

प्रात्यक्षिकाचं जर्नल आत्ताच पूर्ण करून सही घेऊन ठेव. ते जानेवारीत लिहायला बसलीस तर हा सगळा आराखडा कोसळेल. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर पेन्सिलने तीन प्रश्न लिही: हे उपकरण का घेतलं, रीडिंग चुकीचं आलं तर आधी काय तपासशील, आणि काय काळजी घेतली नाही तर इजा होईल. तोंडी घेणारे परीक्षक बहुधा याच तिन्हींच्या आसपास फिरतात.

आणि आज रात्री फिजिक्सचा आठवा धडा लिहायला घेऊ नकोस. लिहून झालेल्या सातांपैकी जो सर्वांत चांगला येतो असं वाटतं तो निवड, वही न उघडता पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिही, आणि मग तांबडं पेन घे.